डाउनलोड केलेली फाइल उघडत नाही? ब्राउझर फाइलचा प्रकार कसा ठरवतो, आणि आपण तो कसा तपासायचा

"ताई, फाईल उतरनी, पन उघडत नही."

अमळनेरला माझं ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं दुकान आहे. हे वाक्य आठवड्यातून चार-पाच वेळा तरी कानावर येतं. कधी पारोळ्याकडचा शेतकरी असतो, त्याच्या मोबाइलवर सातबारा 'डॉट बिन' अशा शेपटीने उतरलेला असतो. कधी कॉलेजची मुलगी असते, तिने हॉल तिकिटाच्या लिंकवर बोट ठेवलं की पडदाभर चित्रविचित्र चिन्हं येतात. जिनिंगमधला हिशेबनीस येतो, त्याची कापूस खरेदीची यादी संगणकावर कुरकुर करत उघडते आणि फोनवर अजिबात उघडत नाही.

पूर्वी मी "पुन्हा डाउनलोड करून बघा" एवढंच सांगायचे. माणसं एसटीचं भाडं खर्चून आलेली असायची आणि तशीच परत जायची. ते मला फार लागायचं. मग मी हा विषय मुळापासून समजून घेतला. बहुतेक वेळा फाइल खराब झालेलीच नसते, तिच्यावरची चिठ्ठी चुकलेली असते. चिठ्ठी कोण लिहितं, ती कोण वाचतं आणि कोणत्या क्रमाने, हे कळलं की दुरुस्ती पाच मिनिटांची असते. माझ्यासारखी केंद्रं चालवणारे, विद्यार्थी, आणि शाळा-सोसायट्यांच्या वेबसाइट बनवणारी आपल्याकडची मुलं, या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

एक सूचना आधीच. खाली मी 'कंटेंट-टाइप' वगैरे शब्द उच्चाराप्रमाणे दिले आहेत. पडद्यावर ते इंग्रजी अक्षरांत दिसतील.

ब्राउझर आधी कोणाचं ऐकतो

फाइलची ओळख तीन ठिकाणी असते. पहिली नावाच्या शेपटीत, म्हणजे डॉट पीडीएफ, डॉट जेपीजी. दुसरी सर्व्हरच्या, म्हणजे फाइल पाठवणाऱ्या पलीकडच्या संगणकाच्या, शब्दात. तिसरी फाइलच्या पोटात, तिच्या पहिल्या काही बाइटांत (फाइल ज्या बारीक तुकड्यांनी बनते ते बाइट).

बहुतेकांना वाटतं की ब्राउझर शेपटी बघतो. तसं नाही. वेबवरून आलेल्या फाइलसाठी ब्राउझर सगळ्यात आधी सर्व्हरचा शब्द मानतो. प्रत्येक उत्तराबरोबर सर्व्हर काही ओळी पाठवतो, त्यांना हेडर म्हणतात. त्यात कंटेंट-टाइप नावाची एक ओळ असते: 'टेक्स्ट/एचटीएमएल', 'इमेज/पीएनजी', 'ॲप्लिकेशन/पीडीएफ'. तिरप्या रेघेच्या आधी जात, नंतर पोटजात. या पद्धतीला माइम म्हणतात. ती मुळात ईमेलसाठी १९९२ साली ठरली, साध्या मजकुराच्या पत्रातून चित्रं आणि आवाज पाठवता यावेत म्हणून. पुढे वेबनेही तीच उचलली. वेबच्या अगदी पहिल्या आवृत्तीत हेडरच नव्हते, त्यामुळे प्रकार सांगायची सोयही नव्हती. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याचे नियम म्हणजे एचटीटीपी; १९९६ साली नोंदवलेल्या एचटीटीपी १.० मध्ये कंटेंट-टाइप आहे.

कापूस विकायला नेला की व्यापारी गाडीवर काय लिहिलंय ते वाचत बसत नाही. तो आत हात घालून मूठभर कापूस काढतो आणि धागा ओढून बघतो. ब्राउझरचं याच्या उलट आहे. तो चिठ्ठी आधी वाचतो आणि हात घालतो तो चिठ्ठी नसली, किंवा चिठ्ठीवर 'माहीत नाही' असं लिहिलेलं असलं तर. त्या मुलीच्या हॉल तिकिटाचं गौडबंगाल इथेच आहे. पीएचपी या वेबसाइट बनवायच्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामने स्वतः काही सांगितलं नाही, तर उत्तरावर 'टेक्स्ट/एचटीएमएल' असा शिक्का आपोआप बसतो. प्रोग्रामने आतून अस्सल पीडीएफ पाठवली तरी ब्राउझर तिला वेबपेज समजतो आणि पीडीएफचे कच्चे बाइट अक्षरं म्हणून पडद्यावर ओततो. त्या कचऱ्याची सुरुवात नीट बघा, टक्क्याचं चिन्ह आणि पुढे पीडीएफ ही अक्षरं सापडतील. अशा वेळी घाबरायचं कारण नाही. कंट्रोल आणि एस दाबून ते पान जतन करण्याच्या फंदात पडू नका, त्याने बाइट बदलू शकतात. मूळ लिंकवर राइट क्लिक करून 'सेव्ह लिंक ॲज' निवडा आणि नावाला डॉट पीडीएफ शेपूट द्या. दहापैकी आठ वेळा माझं काम इथेच झालेलं आहे. लिंकऐवजी बटण असेल तर हा उपाय चालत नाही, तिथे पुढच्या पायऱ्या लागतात.

हात घालून बघणं: पोटातल्या खुणा

चिठ्ठी नसेल तेव्हा ब्राउझर फाइलची सुरुवात हुंगतो. या कामाला इंग्रजीत नावच 'स्निफिंग' आहे. सगळ्या ब्राउझरांनी सारखंच हुंगावं म्हणून त्याचं लिखित प्रमाण केलेलं आहे, आणि त्यात पहिले जास्तीत जास्त १४४५ बाइट बघायचे असं सांगितलं आहे. ओळख पटायला प्रत्यक्षात फार कमी बाइट पुरतात. पीडीएफ टक्का चिन्ह आणि 'पीडीएफ-' या पाच अक्षरांनी सुरू होते. पीएनजी चित्राच्या दुसऱ्या ते चौथ्या बाइटात 'पीएनजी' अशीच अक्षरं असतात. जीआयएफच्या सुरुवातीला 'जीआयएफ८७ए' किंवा 'जीआयएफ८९ए' असतं. त्यातले ८७ आणि ८९ ही त्या प्रकाराच्या आवृत्त्यांची वर्षं आहेत, १९८७ आणि १९८९. झिपची सुरुवात 'पीके' या दोन अक्षरांनी होते, कारण झिप ज्याने बनवली त्या फिल कॅट्झची ती आद्याक्षरं. विंडोजचा चालणारा प्रोग्राम, म्हणजे डॉट ईएक्सई, 'एमझेड'ने सुरू होतो. 'एमझेड' लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता एक अडचण. वर्डची डॉकएक्स, एक्सेलची एक्सएलएसएक्स आणि अँड्रॉइड ॲपची एपीके या तिन्ही फाइली आतून झिपच असतात. तिघींची सुरुवात 'पीके'च. म्हणजे पहिल्या बाइटांवरून एवढंच कळतं की हे एक गाठोडं आहे. गाठोड्यात काय आहे ते सोडल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी फाइलची एक प्रत काढा, प्रतीला डॉट झिप शेपूट द्या आणि उघडा. आत 'वर्ड' नावाचं फोल्डर असेल तर ते वर्डचं कागदपत्र, 'एक्सएल' असेल तर एक्सेलचं. 'अँड्रॉइडमॅनिफेस्ट' आणि 'क्लासेस डॉट डेक्स' दिसलं तर ते ॲप आहे, मग नाव काहीही असो.

चित्रांच्या बाबतीत ब्राउझर थोडा सैल वागतो. सर्व्हर 'पीएनजी' म्हणाला आणि आत जेपीईजी निघालं, तर तो गुपचूप जेपीईजी म्हणून दाखवतो. साध्या मजकुराच्या बाबतीत वेगळा नियम आहे. जुने सर्व्हर ओळख न पटलेल्या फाइलीलाही सरसकट 'टेक्स्ट/प्लेन' म्हणायचे. म्हणून तशी चिठ्ठी असली की ब्राउझर आत मजकुरात न शोभणारे बाइट आहेत का ते तपासतो. ते सापडले तर पडद्यावर कचरा न दाखवता फाइल डाउनलोड करतो. मात्र टेक्स्ट म्हणून आलेल्या फाइलीला तो वेबपेज कधीच मानत नाही.

तो असा का अडून बसतो, त्याला कारण आहे. जुना इंटरनेट एक्सप्लोरर फाइलीचे पहिले २५६ बाइट बघून सर्व्हरचा शब्द फिरवायचा. कुणी फोटो म्हणून चढवलेल्या फाइलीत वेबपेजचा कोड लपवला, की बघणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये तो कोड चालायचा आणि त्याचं लॉगिन चोरीला जायचं. यावर उपाय म्हणून २००८ साली इंटरनेट एक्सप्लोरर ८ बनत असताना 'एक्स-कंटेंट-टाइप-ऑप्शन्स: नोस्निफ' हा हेडर आला. अर्थ सरळ आहे: मी सांगतो तोच प्रकार, तू हुंगू नकोस. आज सगळे मोठे ब्राउझर तो पाळतात.

नाव आणि शेपूट कुठून येतं

फाइल पडद्यावर दाखवायची की उतरवून ठेवायची, हे कंटेंट-डिस्पोझिशन नावाचा हेडर सांगतो. 'अटॅचमेंट' लिहिलं असेल तर फाइल उतरते आणि त्याच ओळीत तिचं नावही देता येतं. तिथे नाव नसेल तर ब्राउझर पत्त्याचा शेवटचा तुकडा नाव म्हणून घेतो. म्हणूनच कधी कधी सातबारा 'डाउनलोड डॉट पीएचपी' या नावाने येतो. नावाला शेपूट नसेल तर ब्राउझर कंटेंट-टाइपवरून शेपूट जोडतो. आणि कंटेंट-टाइप 'ॲप्लिकेशन/ऑक्टेट-स्ट्रीम' असेल, म्हणजे 'हे नुसते बाइट आहेत, उतरवून ठेव', तर जोडायला योग्य शेपूटच नसतं. अँड्रॉइडवर मग 'डॉट बिन' दिसतं. पारोळ्याच्या त्या काकांची फाइल अशीच होती. आतली पीडीएफ अगदी ठणठणीत होती.

विंडोजवर कधी फोटो 'डॉट जेएफआयएफ' म्हणून उतरतो. तेही जेपीईजीच असतं. विंडोजच्या नोंदवहीत त्या प्रकारापुढे हे शेपूट लिहिलेलं असतं आणि ब्राउझर तिथून उचलतो. फॉर्मवर चढवण्याआधी शेपूट डॉट जेपीजी करा, चालतं.

ब्राउझरचं काम संपलं की संगणकाचं सुरू होतं, आणि तिथे नियम पुन्हा बदलतो. विंडोज पोटात बघत नाही, फक्त शेपटीवरून कोणत्या प्रोग्रामने उघडायचं ते ठरवतो. अँड्रॉइड बहुतेक वेळा माइम प्रकार सांगून ॲपला हाक मारतो. एकच फाइल एका ठिकाणी उघडते आणि दुसरीकडे अडते, ती यामुळे.

आता तपासणी, मी करते त्या क्रमाने

आधी फाइलचा आकार बघा. हे इतकं साधं आहे की लोक विसरतात. तीन पानांचं प्रमाणपत्र अवघं २ केबी भरत असेल तर ते प्रमाणपत्र नाही. बहुधा लॉगिनची मुदत संपलेली असते, सर्व्हरने 'पुन्हा लॉगिन करा' हे पान पाठवलेलं असतं आणि तेच डॉट पीडीएफ नावाने उतरलेलं असतं. ही फाइल कितीही वेळा नाव बदलून उघडली तरी उपयोग नाही. पोर्टलमधून बाहेर पडा, पुन्हा आत या आणि ताजी उतरवा. वीज गेली किंवा नेट तुटलं आणि फाइल अर्धवट राहिली, तर ती 'सीआरडाउनलोड' किंवा 'पार्ट' अशा शेपटीने दिसते. तिचं शेपूट बदलूनही काही होत नाही.

दुसरं, शेपूट दिसू द्या. विंडोज ओळखीची शेपटं लपवून ठेवतो, आणि ही सोय माझ्या मते फार घातक आहे. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'शो', त्यात 'फाइल नेम एक्सटेन्शन्स'वर खूण करा. विंडोज १० मध्ये 'व्ह्यू' पट्टीवरच चौकट आहे. नव्या संगणकावर मी पहिलं काम हेच करते. शेपूट लपलेलं असताना तुम्ही फाइलला 'निकाल डॉट पीडीएफ' असं नाव दिलं, तर प्रत्यक्षात ती 'निकाल डॉट पीडीएफ डॉट टीएक्सटी' अशी काहीतरी होते, आणि का उघडत नाही म्हणून तासभर डोकं खाजवावं लागतं.

तिसरं, पोट बघा. संगणकावर फाइलीवर राइट क्लिक करून नोटपॅडमध्ये उघडा. पहिल्या ओळीत टक्का आणि पीडीएफ दिसलं तर शेपूट डॉट पीडीएफ करा. 'पीके' दिसलं तर वर सांगितल्याप्रमाणे गाठोडं सोडून बघा. कोनी कंसात 'डॉकटाइप एचटीएमएल' किंवा 'एचटीएमएल' दिसलं तर ते वेबपेज आहे. नोटपॅडमध्ये काहीही बदलू नका आणि सेव्ह तर मुळीच करू नका, फाइल कायमची बिघडेल. लिनक्सवर 'फाइल' ही आज्ञा देऊन पुढे नाव टाकलं की ती पोट बघूनच प्रकार सांगते. शेपटीकडे ती ढुंकूनही पाहत नाही. फोनवर संगणक हाताशी नसेल, तर फाइल्स ॲपमध्ये प्रत काढून शेपूट डॉट पीडीएफ करून बघा. प्रतीवर प्रयोग करा, मूळ फाइल तशीच ठेवा.

जिनिंगच्या हिशेबनिसाची यादी तिसऱ्या पायरीवर पकडली गेली. नाव डॉट एक्सएलएस, पण नोटपॅडमध्ये पहिलीच ओळ एचटीएमएल तक्त्याची. बरीच पोर्टलं असंच करतात: वेबपेजवरचा तक्ता जसाच्या तसा पाठवतात, चिठ्ठीवर 'एक्सेल' लिहितात आणि शेपूटही एक्सेलचं लावतात. संगणकावरचं एक्सेल "प्रकार आणि शेपूट जुळत नाही" अशी सूचना देऊन ती उघडतं, फोनवरची ॲप नकार देतात. उपाय असा: संगणकावरच्या एक्सेलमध्ये उघडा, 'सेव्ह ॲज'मध्ये एक्सएलएसएक्स निवडा, आणि ती नवी फाइल व्हॉट्सॲपवर पाठवा. नुसतं शेपूट बदलून एक्सएलएसएक्स केलं तर एक्सेलही ती उघडणार नाही.

चौथी पायरी सर्व्हरला विचारायची. ही फक्त पोर्टलच्या माणसांना तक्रार करायची असेल किंवा साइट स्वतःची असेल तरच लागते. संगणकावर क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये एफ-१२ दाबा, 'नेटवर्क' उघडा, जुन्या नोंदी पुसल्या जाऊ नयेत म्हणून क्रोममध्ये 'प्रिझर्व्ह लॉग'वर (फायरफॉक्समध्ये 'पर्सिस्ट लॉग्स'वर) खूण करा आणि मगच डाउनलोडची लिंक दाबा. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण खिडकी नंतर उघडली तर आधीची विनंती तिच्यात नसते. यादीत तुमच्या फाइलीची ओळ निवडा आणि 'रिस्पॉन्स हेडर्स'मध्ये तीनच गोष्टी वाचा: कंटेंट-टाइप, कंटेंट-डिस्पोझिशन आणि नोस्निफ आहे की नाही. त्याचा स्क्रीनशॉट तक्रारीला जोडा. "फाइल उघडत नाही" अशा तक्रारीला उत्तर येतंच असं नाही. "पीडीएफ पाठवताना तुमचा सर्व्हर टेक्स्ट/एचटीएमएल म्हणतो" हे मात्र तिथल्या प्रोग्रामरला एका नजरेत कळतं.

तुमची स्वतःची साइट असेल तर

गावातली सोसायटी, शाळा, पतपेढी यांच्या साइट आपलीच मुलं बनवतात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: लोकांना त्रास होतो तो या चार ओळींच्या आळसामुळे. पीएचपीतून फाइल पाठवण्याआधी कंटेंट-टाइप स्वतः सांगा. फाइल उतरवायचीच असेल तर 'अटॅचमेंट' लिहा. नोस्निफ सगळ्या साइटवर लावा, पण आधी सगळ्या फाइलींचे प्रकार बरोबर आहेत याची खात्री करा, नाहीतर चुकीच्या प्रकाराने जाणाऱ्या स्क्रिप्ट आणि स्टाइलच्या फाइली ब्राउझर घेणारच नाही आणि पान मोडकं दिसेल. पीएचपी कोडच्या आधी किंवा नंतर एखादी रिकामी ओळ राहिली की ती फाइलीच्या डोक्यावर किंवा शेपटाला चिकटते. डोक्यावर चिकटली तर 'पीके' पहिल्या बाइटावर राहत नाही आणि एक्सेल "फाइल खराब आहे" म्हणतं. ही चूक शोधायला मला एकदा पूर्ण दुपार लागली होती.

लोकांनी चढवलेल्या फाइली जास्तच सांभाळा. चढवणाऱ्याने सांगितलेला प्रकार किंवा शेपूट मानू नका, पोटातले बाइट सर्व्हरवर तपासा, आणि शक्य असेल तर त्या फाइली वेगळ्या डोमेनवरून द्या, म्हणजे आत काही लपलेलं निघालंच तरी मुख्य साइटच्या लॉगिनला धक्का लागत नाही.

मराठी नावं द्यायला अजिबात घाबरू नका, फक्त नीट द्या. कंटेंट-डिस्पोझिशनमध्ये साधं 'फाइलनेम' असतं आणि चांदणी लावलेलं 'फाइलनेम' असतं. देवनागरी नाव चांदणीवाल्यात द्यायचं: आधी 'यूटीएफ-८', मग दोन एकेरी अवतरणचिन्हं, आणि मग प्रत्येक बाइट टक्का चिन्हाने लिहिलेला. साध्या 'फाइलनेम'मध्ये इंग्रजी अक्षरांतलं पर्यायी नाव ठेवा. 'सातबारा' या शब्दात काने धरून सात वर्ण आहेत, प्रत्येकाचे तीन बाइट, म्हणजे २१ बाइट, आणि टक्का लावून लिहिलं की ६३ चिन्हं. लिनक्स आणि अँड्रॉइडवर नावाची मर्यादा साधारण २५५ बाइट असते, म्हणजे शेपूट धरून ऐंशीच्या आसपास मराठी वर्ण. शेतकऱ्याचं पूर्ण नाव, गाव, तालुका, गट नंबर आणि तारीख असं सगळं नावात कोंबलं तर ते तुटतं, आणि तुटताना शेपूटही जाऊ शकतं.

शेपूट बदलून उघडू नये अशा फाइली

वरचं सगळं लागू पडतं ते ओळखीच्या ठिकाणाहून, तुम्ही स्वतः उतरवलेल्या फाइलींना. व्हॉट्सॲपवर आपोआप आलेल्या फाइलींना वेगळा न्याय लावा. लग्नसराईत 'आमंत्रण पत्रिका' नावाची एपीके फिरते, शेतकऱ्यांच्या ग्रुपवर योजनेच्या हप्त्याच्या नावाने फिरते. पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ असते, पत्रिकेला एपीके शेपूट असण्याचं काहीच कारण नाही. अशी फाइल बसवली आणि तिला एसएमएस वाचायची परवानगी मिळाली, की बँकेचा ओटीपी परस्पर दुसऱ्याकडे जातो. संगणकावर 'निकाल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' दिसलं, किंवा पीडीएफ म्हणून आलेल्या फाइलीची सुरुवात 'एमझेड' निघाली, तर ती तिथेच पुसून टाका.

ब्राउझरने "ही फाइल धोकादायक असू शकते" असं म्हटलं तर 'तरीही ठेवा' दाबण्याआधी थांबा. विंडोजवर ब्राउझर उतरवलेल्या फाइलीला 'इंटरनेटवरून आलेली' अशी अदृश्य खूणही लावतो. वर्ड ती फाइल आधी पिवळ्या पट्टीखाली, नुसती वाचण्यापुरती उघडतं, ते या खुणेमुळे. फाइल साध्या फॅट-३२ पेनड्राइव्हवर नेली की ती खूण गळून पडते. म्हणून गिऱ्हाइकाने पेनड्राइव्हवर आणलेल्या वर्डच्या फाइलीत मॅक्रो (फाइलीच्या आत ठेवलेला छोटा प्रोग्राम) चालू करायची विनंती दिसली, तर मी ती मान्य करत नाही. फाइल मुळात कुठून उतरवली होती ते त्यांनाच विचारते आणि त्यांच्यासमोर त्या ठिकाणाहून पुन्हा उतरवते.